वाळायला ठेवलेली होडी

"तिथे पाय देऊ नका, भावोजी," असं मिस्त्री म्हणेपर्यंत भावोजींचा उजवा पाय होडीच्या तळात घोट्याच्या वरपर्यंत गेला होता.

नशिबाने लागलं काही नाही. भावोजी तसेच उभे राहिले, एक पाय होडीत आणि दुसरा होडीच्या पोटात, आणि मिस्त्रीला, म्हणजे आपल्या मेव्हण्याला, म्हणाले, की बघा शालकबुवा, मी निघालो तरी ही काही मला सोडत नाही. मिस्त्रीने त्यांना काखेत धरून वर काढलं. उचलताना त्याच्या लक्षात आलं, की भावोजींच्या अंगात आता वजन असं उरलेलंच नाही. ते तो बोलला नाही. भावोजींच्या बुटाला काळा, ओला भुसा चिकटला होता, चहाच्या चोथ्यासारखा. मिस्त्रीने तो चिमटीत घेऊन नाकाशी नेला आणि मान हलवली.

फायबरची होडी म्हणजे सगळी फायबरचीच असं लोकांना वाटतं. तसं नसतं. पायाखालचा तळ प्लायवूडचा असतो, त्याच्या खाली होडीला ताठ धरणाऱ्या लांब लाकडी पट्ट्या असतात, आणि मागे इंजीन टांगायला जाड फळी असते. हे सगळं वरून फायबरने लिंपून टाकलेलं. फायबर कुजत नाही, पण आत कोंडलेलं लाकूड कुजतं, आणि ते कुजतंय हे कुणाला कळत नाही. होडी वर्षानुवर्षं पाण्यावर डौलात हिंडत राहते, आणि एक दिवस मालकाचा पाय आत जातो.

मिस्त्रीची शेड धक्क्याच्या टोकाला होती, पत्र्याची, तिन्ही बाजूंनी बंद आणि पाण्याच्या बाजूला सताड उघडी. धक्क्यावर त्याला मिस्त्री म्हणणारे थोडेच. बाकीचे सगळे त्याला पाठीमागे 'वाळवण' म्हणत, आणि आताशा तोंडावरही म्हणू लागले होते. कारण त्याच्याकडे होडी दिली, की ती वाळत पडायची. ओल्या लाकडावर तो फायबर चढवत नसे म्हणजे नसे. कुजकं तेवढं कापून काढायचा, उरलेल्याला वारा आणि ऊन दाखवायचा, आणि मग संध्याकाळी लाकडावर प्लास्टिकचा एक तुकडा ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद करून घरी जायचा. सकाळी त्या प्लास्टिकला आतून घाम आलेला असला, म्हणजे बारीक बारीक थेंब धरलेले असले, की लाकूड अजून ओलं. मग मिस्त्री दुसऱ्या कामाला लागायचा. मालक लोक येऊन आकाशपाताळ एक करत. एकाने तर चिडून अर्धी उघडलेली होडी दुसऱ्या कारागिराकडे नेली. मिस्त्रीने ती गाडीवर चढवायला हात लावला, दोरही नीट आवळून दिले. धक्क्यावरचा क्रेनवाला म्हणायचा, वाळवणकडे होडी द्यायची असेल तर आधी ती नातवाच्या नावावर करून ठेवावी.

मिस्त्रीला या चेष्टेचं काही वाटत नसे. उमेदवारीच्या दिवसांत त्याने दुसऱ्यांनी केलेली कामं पुष्कळ उघडली होती. वरून आरशासारखं फायबर आणि आत काळी लापशी. 'वरून चांगलं दिसतंय ना, मग झालं तर' हे वाक्य कानावर आलं की त्याचं डोकं फिरायचं. त्याच्या साध्या आयुष्यात मिरवण्यासारखं एकच होतं: आपण बंद केलेलं आपल्याला कधी परत उघडावं लागलं नाही. हे तो बायकोला अधूनमधून सांगत असे, आणि ती "ऐकलंय" म्हणून भांडी विसळत असे.

आणि आता पुढ्यात आली होती ती भावोजींची होडी. भावोजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत त्यांनी सगळी नोकरी एकाच टेबलावर काढली. बढती मिळाली तीही त्याच टेबलावर. साहेबांपुढे कधी ब्र काढला नाही, पण सुट्टीच्या दिवशी होडीत बसले की स्वतःच साहेब. ताईचं लग्न झालं तेव्हा मिस्त्री अर्ध्या चड्डीत होता. त्याला सुकाणू कसं धरायचं ते भावोजींनीच शिकवलं आणि होड्यांचं वेडही त्यांनीच लावलं. त्यामुळे मिस्त्री शिकला नाही, तेव्हा वडिलांनी सगळा दोष जावयाला दिला होता. भावोजींनी तोही मुकाट्याने ऐकून घेतला होता.

गेल्या वर्षी भावोजींना धाप लागू लागली. तपासण्या झाल्या, फुप्फुसं निकामी होत चालल्याचं कळलं. आता वाऱ्याचे दिवस सुरू झाले, की लेक येऊन त्यांना आपल्या शहरात नेणार होती, तिथल्या मोठ्या दवाखान्यात. परत येण्याचं कुणी बोलत नव्हतं. भावोजींचं मागणं एवढंच होतं, की त्याआधी ताईला घेऊन खाडीच्या तोंडाशी असलेल्या वाळूच्या दांड्यापर्यंत एकदा जाऊन यायचं. तेही आपल्याच होडीतून. मिस्त्रीने दुसरी चांगली होडी देऊ केली, तर म्हणाले, दुसऱ्याच्या होडीत मी पाहुणा, आणि पाहुण्याला सुकाणू धरायला कोण देतं?

मिस्त्रीने दुसऱ्याच दिवशी ग्राइंडर घेतला, नाकातोंडाला फडकं बांधलं आणि तळ कापायला सुरुवात केली. तळाचं प्लायवूड हातांनी ओरबाडून निघालं. इंजीनच्या फळीत स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत घुसला. हे सगळं त्याने काढून टाकलं, त्यात काही अडचण नव्हती. नवं लाकूड आणायचं आणि बसवायचं. घोडं अडलं ते खालच्या लांब पट्ट्यांपाशी. त्या कुजल्या नव्हत्या, पण पाणी पिऊन पिऊन तट्ट झाल्या होत्या. त्या एकदम काढाव्यात तर होडी आपला आकार सोडणार, आणि चौकट बांधून तुकड्यातुकड्याने काढायला तेवढे दिवस हाताशी नव्हते. त्या जागच्या जागी वाळवायला हव्या होत्या, आणि वाळायला पुढचा उन्हाळा उजाडला असता.

पाणी शिरलं कुठून, हेही त्याला सापडलं. मधल्या बाकाशेजारी तळात चार स्क्रू होते. ओल तिथून सुरू होऊन दोन्ही बाजूंना पसरत गेली होती. त्या स्क्रूंवर स्टीलची एक आखूड नळी बसवलेली होती, छत्रीचा दांडा रोवायला. उन्हाने ताईचं डोकं दुखतं म्हणून ती भावोजींनी स्वतःच्या हातांनी बसवली होती. भोकं पाडली, स्क्रू पिळले आणि झालं. खरं तर भोक मोठं पाडायचं, ते रेझिनने भरायचं, आणि ते कडक झालं की त्या रेझिनमध्येच स्क्रूपुरतं भोक पाडायचं, म्हणजे पाण्याला लाकडाची वाट सापडत नाही. पण हे कचेरीतल्या माणसाला कोण सांगणार? होडी दुरुस्त करणारा मेव्हणा तेव्हा जवळच होता, पण भावोजींना ताईला चकित करायचं होतं.

संध्याकाळी भावोजी आले, उलट्या बादलीवर बसले आणि धाप ओसरेपर्यंत नुसते बघत राहिले. मिस्त्रीने स्क्रूंचं सांगितलं नाही. पट्ट्या ओल्या आहेत, एवढं सांगितलं. आत्ता फायबर चढवलं तर वरून नवी दिसेल, आतून मात्र कुजत राहील.

"मग बरोबरीचे झालो आम्ही," भावोजी म्हणाले आणि हसले. हसता हसता खोकला आला, तेव्हा मिस्त्रीने त्यांना पाणी दिलं.

मग मिस्त्रीने जमेल ते सगळं केलं. पंखे लावले, मोठे दिवे लावले, पट्ट्यांना खालून बारीक भोकं पाडून निथळायला वाट दिली. इतर मालकांच्या होड्या मागे टाकल्या, त्यांची बोलणी खाल्ली. इंजीनची नवी फळी बसवली, ती मात्र अशी बसवली, की तिच्यावर घणाचे घाव घातले तरी हलली नसती. रोज संध्याकाळी तो पट्ट्यांवर प्लास्टिक चिकटवे आणि रोज सकाळी शेडमध्ये पाऊल टाकताना त्याचा जीव टांगणीला लागलेला असे. प्लास्टिकला घाम असायचाच. कधी कमी, कधी जास्त, पण असायचा. एकदा तर त्याने ते थेंब पुसले आणि आपण काय करतोय ते लक्षात येऊन स्वतःशीच ओशाळला.

तिकडे वारा बदलू लागला होता. क्रेनवाल्याने लोकांच्या होड्या वर काढायला सुरुवात केली होती.

एक दिवस दुपारी ताई एकटीच आली. भावोजींना आता धक्क्यापर्यंत चालवत नाही, म्हणाली. होडीच्या काठावर कोपरं टेकून ती उघड्या पोटात बघत राहिली. मग प्लास्टिककडे बोट दाखवून, हे काय ते विचारलं. मिस्त्रीने समजावून सांगितलं. ताईने वरून प्लास्टिकवर बोट फिरवलं, तसे आतले थेंब एकमेकांत मिसळून ओघळले. आणि हे असंच राहिलं तर, तिने विचारलं, किती वेळ लागेल? मिस्त्री म्हणाला, पुढचा उन्हाळा.

ताई काठावरून सरळ झाली.

"बंद कर," ती म्हणाली.

"ताई, आतून कुजेल ते. वर्षभरात काळं पडेल."

"त्यांना वर्ष कुठलं रे," ताई म्हणाली. "तू बंद कर. आणि त्यांना सांगू नकोस. आपल्यासाठी तू तुझा नेम मोडलास असं कळलं, तर ते पायच ठेवायचे नाहीत होडीत."

ती गेल्यावर मिस्त्री बराच वेळ त्याच बादलीवर बसला. त्याला बहिणीचा राग आला, भावोजींच्या त्या चार स्क्रूंचा राग आला आणि सगळ्यात जास्त लाकडाचा आला. मग तो उठला आणि मॅट कापायला लागला. फायबरची मॅट, काचेच्या धाग्यांचं ते जाड कापड, त्याने आयुष्यभर कापली होती, पण त्या दिवशी कात्री सरळ चालेना. रेझिनमध्ये हार्डनर घालून ढवळलं आणि ओल्या पट्ट्यांवर ब्रशने पहिला हात दिला. लाकडाने ते घेतलं, नीट घेतलं नाही, पण घेतलं. संध्याकाळपर्यंत सगळं झाकलं गेलं होतं. पुढच्या दिवसांत त्यावर नवा तळ बसला, रंग बसला, आणि होडी इतकी देखणी दिसू लागली, की मिस्त्रीला तिच्याकडे बघवेना.

होडी पाण्यात सोडायच्या दिवशी क्रेनवाला पट्टे अडकवता अडकवता म्हणाला, "काय वाळवण, यंदा लवकर वाळली?" आजूबाजूचे हसले. कुणीतरी म्हणालं, शिकला बाबा शेवटी. मिस्त्रीला हे तोंडात मारल्यासारखं झालं. त्याला सांगता आलं असतं, की ही घरची होडी आहे, कारण वेगळं आहे. पण ते सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत भावोजींच्या कानावर गेलं असतं. त्याने सगळं गिळलं आणि क्रेनला हात केला, सोड खाली.

भावोजींना खुर्चीतून आणलं. होडीत उतरवताना मिस्त्री एका बाजूला आणि ताई दुसऱ्या बाजूला. सुकाणूपाशी बसल्यावर मात्र ते पूर्वीचे साहेब झाले आणि दोघांना कुठे बसायचं ते हुकूम सोडू लागले. खाडी त्या दिवशी शांत होती. इंजीन हळू ठेवून ते किनाऱ्याकिनाऱ्याने गेले. पाणबगळे उडाले, ते भावोजींनी ताईला दाखवले. ताईने ते आधीच पाहिले होते, तरी परत पाहिले. ऊन चढलं, तशी ताईने छत्री उघडली. नळी काही मिस्त्रीने परत बसवली नव्हती. छत्री तिने हातात धरली होती, आणि ती स्वतःवर नाही, भावोजींवर धरली होती. हात दुखला की हात बदलायची.

वाळूच्या दांड्यापाशी त्यांनी नांगर टाकला. ताई वाळूवर पाय ओले करायला उतरली. होडीत दोघंच उरले, तेव्हा भावोजींनी टाच तळावर आपटली, मग पुन्हा जरा जोरात आपटली. तळ दगडासारखा वाजला.

"तुझी ताई त्या दुपारी घरी आली ना, तिची बोटं फायबरच्या भुशाने पांढरी झाली होती," ते म्हणाले. "डोळे लाल. मला तेव्हाच कळलं. कुठेतरी पाणी मुरतंय."

मिस्त्री तळाकडे बघू लागला.

"घाम होता ना प्लास्टिकला?"

"होता."

भावोजींनी पाण्याकडे बघत मान हलवली. मग विचारलं, "मला पुरेल?"

"तुम्हाला पुरेल."

"झालं तर." थोडा वेळ त्यांनी श्वास जमवला. "पण तसंच ठेवू नकोस. परत उघडशील ना?"

"उघडीन."

"आणि तिला सांगू नकोस, मला माहीत होतं म्हणून."

मिस्त्रीच्या मनात आलं, या दोघांच्या मध्ये राहून आपण किती वर्षं असं एकाचं दुसऱ्याला न सांगता ठेवून घेत आलोय. त्याला हसू आलं आणि त्याच हसण्यात डोळे भरून आले, म्हणून तो उगाच नांगराचा दोर तपासायला पुढे गेला.

त्यानंतर वारा सुरू व्हायच्या आत ते आणखी दोनदा जाऊन आले. मग लेक आली आणि भावोजींना आणि ताईला घेऊन गेली. थंडी संपता संपता बातमी आली. ताई सगळं आटोपून परत आली, घर झाडलं, त्यांचे बूट दाराशी होते तिथेच ठेवले. होडी शेडमागे ताडपत्रीखाली पडून होती.

उन्हाळा लागला तसा मिस्त्रीने ती शेडमध्ये ओढली आणि कुणाला न सांगता तळ कापला. आत त्याला माहीत होतं तेच होतं. पट्ट्या काळ्या पडल्या होत्या, पुढच्या बाजूला बोट रुतत होतं. क्रेनवाला चहाचा कप घेऊन डोकावला आणि कधी नव्हे ते काही न बोलता उभा राहिला. मग, कुणी केलं होतं हे काम, असं त्याने विचारलं. त्याला आठवत नसेल असं नव्हतं, पण विचारायची त्याची तीच तऱ्हा. मिस्त्री म्हणाला, "मीच." क्रेनवाल्याने कप खाली ठेवला आणि कापलेले तुकडे बाहेर टाकायला हात लावला.

या वेळी मिस्त्रीने आकाराची भीती बाळगली नाही. होडीला बाहेरून लाकडी चौकट बांधून आवळली आणि पट्ट्यांचा कुजका भाग तुकड्यातुकड्याने काढला. मागचा भाग अजून शाबूत होता, फक्त ओला. तो तसाच उघडा ठेवला आणि संध्याकाळी त्यावर प्लास्टिकचा तुकडा चिकटवून तो घरी गेला.

सकाळी आला तर ताई आधीच येऊन बसली होती, त्याच उलट्या बादलीवर. मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. तिने कागद सोडला. छत्रीची नळी होती ती, शेडच्या कोपऱ्यातून तिने कधीतरी उचलून नेलेली, घासून लख्ख केलेली, चार नवे स्क्रूही बरोबर.

"ही परत बसव," ती म्हणाली. "या वेळी तू बसव."

स्क्रूंचं तिला कसं कळलं, हे मिस्त्रीने विचारलं नाही. तिनेच सांगितलं, की तळ कापलेला असताना ओल कुठून पसरली ते आंधळ्यालाही दिसलं असतं. मग म्हणाली, की डोकं तिचं उन्हाने कधी दुखलंच नव्हतं, होडी डुलायची त्याने दुखायचं. ते सांगितलं असतं तर त्यांनी होडी विकून टाकली असती. म्हणून ती ऊन म्हणाली.

"मग तुला छत्री लागतच नाही," मिस्त्री म्हणाला.

"नाही लागत. तू बसव."

मिस्त्रीने नळी हातात घेतली, फिरवून बघितली आणि हत्यारांच्या फळीवर, रोज लागणाऱ्या वस्तूंमध्ये ठेवली. मग होडीत वाकून प्लास्टिककडे बघितलं. आतून थेंब होते, चांगले टपोरे.

"ओलं आहे अजून," तो म्हणाला. "वेळ लागेल, ताई."

"लागू दे," ताई म्हणाली. "आता कसली घाई आहे?"

ती उठली, होडीच्या काठावरून वाकली आणि चिकटपट्टी सोडवून तो तुकडा काढून घेतला. बाहीला पुसून तो कोरडा केला, आणि थोडा बाजूला, नव्या जागी ठेवून त्याच्या चारही कडा अंगठ्याने नीट दाबून बसवल्या.